मोटरहोममधील एसी मध्यरात्री बंद पडतो आणि मोठी कुत्री धापा टाकू लागतात : कारणे आणि उपाय

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून मोठी कुत्री सोबत घेऊन मोटरहोमने मुक्कामी जाणाऱ्यांना एक अडचण वारंवार येते. रात्री दहाच्या सुमारास एसी लावून सर्वजण झोपतात. एक-दोनच्या दरम्यान गाडीत कोंदट वाटू लागते, काचांवर आतून पाणी धरते आणि कुत्र्यांच्या धापांनी जाग येते. अशा वेळी कधी एसीचा पंखा फिरत असतो पण गारवा नसतो, तर कधी सगळेच बंद पडलेले असते. घरी परतल्यावर गाडी वर्कशॉपमध्ये नेली की एक तर गॅस भरला जातो किंवा आणखी मोठी बॅटरी सुचवली जाते. तासभर एसी चालवून दाखवतात, तो उत्तम गार करतो, आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा तेच घडते.

वर्कशॉपमध्ये दोष सापडत नाही याचे साधे कारण असे की तिथे गाडीत कुत्री नसतात. शांत झोपलेला ३५ किलोचा कुत्रा साधारण ५० ते ७० वॉट उष्णता सतत बाहेर टाकत असतो, त्याच्या श्वासातून हवेत बाष्प मिसळत असते आणि त्याचे केस हवेच्या प्रत्येक वाटेवर जाऊन अडकत असतात. अशी दोन कुत्री लहानशा बंद जागेत रात्रभर असतील, तर रिकाम्या गाडीत केलेल्या चाचणीचा काहीच उपयोग नसतो. माझे मत असे आहे की बहुतेक गाड्यांत बॅटरीची क्षमता हा पहिला दोष नसतो. आधी हवा अडलेली असते, त्यानंतर चार्जिंग अपुरे असते, आणि क्षमतेचा प्रश्न या दोन्हींनंतर येतो. त्यामुळे खर्चात पडण्यापूर्वी तपासणी याच क्रमाने करावी.

आधी कुत्र्याकडे पाहावे

जाग आल्यावर एसीचे बटण शोधण्यापूर्वी कुत्र्याची अवस्था पाहावी. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ, तोंड आणि नाक यांतून होणारे बाष्पीभवन हा उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग आहे. हवा दमट असेल तर हे बाष्पीभवन मंदावते. म्हणूनच काशीद किंवा दिवेआगरच्या किनाऱ्यावर, जिथे रात्रीचे तापमान फार वाटत नाही, तिथेही मोठा कुत्रा बेजार होतो. कुत्र्याच्या शरीराचे सामान्य तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते आणि ते ४१ अंशांच्या आसपास गेले की जिवाला धोका असतो. हिरड्या लालभडक होणे, लाळ घट्ट आणि चिकट होणे, चालताना तोल जाणे किंवा उलटी होणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

अशा कुत्र्याला पट्टा बांधून ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत आणावे, टाकीतले साधे पाणी त्याच्या पोटावर, जांघेत आणि अंगावर सढळपणे ओतावे आणि पंख्याने किंवा पुठ्ठ्याने वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून तसाच ठेवू नये, कारण थोड्याच वेळात तो कोमट होतो आणि हवा अडवतो. पाणी समोर ठेवावे, पण तोंडात ओतू नये. गुदद्वारातून मोजलेले तापमान ३९.५ अंशांपर्यंत उतरले की पाणी ओतणे थांबवावे. दवाखान्यात न्यायचेच आहे, मात्र अंग थंड करण्याचे काम आधी सुरू करावे आणि प्रवास त्यानंतर करावा. मुरबाड, जुन्नर, शहापूर, अलिबाग यांपैकी ज्या बाजूला मुक्काम असेल तिथल्या पशुवैद्यकाचा क्रमांक निघण्यापूर्वीच लिहून घ्यावा, कारण माळशेज परिसरात ऐन वेळी मोबाइलला नेटवर्क मिळेलच असे नाही.

नेमके काय बंद पडले आहे

कुत्री सावरली की मग दोषाकडे वळावे. इथे एकच प्रश्न महत्त्वाचा आहे : एसीचा पंखा चालू आहे का?

पंखा चालू आहे, परंतु झोत क्षीण झाला आहे आणि हवा गार लागत नाही, असे असेल तर कॉइलवर बर्फ धरला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. छतावर बसवलेला एसी गाडीतली हवा जाळीतून वर ओढतो, ती थंड कॉइलवरून नेतो आणि परत आत सोडतो. जाळीमागच्या फिल्टरमध्ये केस साचले की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, कॉइलचे तापमान शून्याखाली उतरते आणि दमट हवेतले पाणी तिच्यावर गोठते. बर्फामुळे हवा आणखी अडते आणि त्यामुळे बर्फ आणखी वाढतो. कॉम्प्रेसर मात्र चालूच राहतो, बॅटरी खात राहतो. त्यामुळे पहाटेपर्यंत बॅटरीही उतरते आणि सकाळी तपासणाऱ्याला फक्त उतरलेली बॅटरी दिसते, कारण तोवर बर्फ वितळून गेलेला असतो. मोठी बॅटरी घेण्याचा चुकीचा सल्ला बहुतेक वेळा इथूनच येतो.

आमच्याकडे एक गोल्डन रिट्रीव्हर आणि एक जर्मन शेफर्ड अशी जोडी आहे. माळशेजच्या एका मुक्कामात मध्यरात्री टॉर्च घेऊन छताची जाळी उतरवली, तेव्हा बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या त्या जाळीमागे फिल्टरवर केसांचा नमद्यासारखा सलग थर बसलेला होता. बोटाने कडा उचलली तर तो अखंड सुटून हातात आला. त्यामागे कॉइलचा अर्धा भाग पांढरा झाला होता, आणि उरलेल्या अर्ध्या भागाच्या पात्यांमध्ये आतल्या मऊ लवीचे बारीक, ओले पुंजके चिकटलेले होते. लांब केस फिल्टर अडवतो, ही लव मात्र त्यातून आरपार जाते आणि ओल्या पात्यांवर बसते, म्हणून केवळ फिल्टर धुऊन भागत नाही.

बर्फ धरला असेल तर कॉम्प्रेसर बंद करून एसी फक्त पंख्यावर ठेवावा आणि बर्फ पूर्ण वितळू द्यावा. चमच्याने किंवा सुरीने खरवडण्याचा मोह टाळावा. पात्यांमागची गॅसची नळी अगदी नाजूक असते. फिल्टर उलट्या बाजूने पाण्याखाली धरून धुवावा, म्हणजे केस आत रुतण्याऐवजी बाहेर पडतात. पुन्हा चालू करताना तापमान २५ किंवा २६ अंशांवर आणि पंखा सर्वांत जोरात ठेवावा. १८ अंशांवर मंद पंखा ही जोडी दमट हवेत बर्फाला आमंत्रण देते. फिल्टर आणि कॉइल दोन्ही स्वच्छ असूनही बर्फ धरत असेल, तर मात्र गॅस कमी झाल्याची शंका रास्त आहे. त्या वेळी नुसता गॅस भरून न घेता गळती कुठे आहे हे शोधून घ्यावे. कॉइलखालच्या पाण्याच्या वाटेतही केसांचा बोळा अडकतो आणि पाणी गादीवर ठिबकू लागते. एक मऊ पाइप घालून फुंकले की ती वाट मोकळी होते.

मुक्कामाच्या काळात फिल्टर रोज संध्याकाळी धुणे हा माझ्या मते या सगळ्या अडचणीवरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी लॅब्राडोर, गोल्डन, जर्मन शेफर्ड, हस्की अशा दुहेरी केसांच्या कुत्र्यांची आतली लव फणीने गाडीबाहेर पूर्ण विंचरून काढावी. उकाड्यावर उपाय म्हणून अशा कुत्र्यांचे केस मुळापासून उतरवू नयेत. बाहेरचे केस त्यांचे उन्हापासून रक्षण करतात आणि काही कुत्र्यांत ते पुन्हा नीट वाढत नाहीत.

पंख्यासह सगळेच बंद पडले असेल

आता दुसरा प्रकार. सगळे बंद आणि इन्व्हर्टरचा पिपाणीसारखा आवाज, अशी स्थिती असेल तर इन्व्हर्टरने स्वतःला का बंद केले हे ओळखायचे असते, आणि ते त्याच्या वागण्यावरून बऱ्यापैकी कळते. पंधरा-वीस मिनिटे तसेच सोडल्यावर तो आपोआप सुरू होत असेल तर तो तापला होता. तो सुरू होतो, पण कॉम्प्रेसर ओढ घेताच पडतो, असे असेल तर व्होल्टेज कोसळते आहे. सुरूच होत नसेल तर बॅटरी खरोखर संपली आहे किंवा फ्यूज गेला आहे.

इन्व्हर्टर तापण्याचे कारण मोठ्या कुत्र्यांच्या घरात बहुधा एकच असते. आपल्याकडच्या बहुतेक बांधणीत इन्व्हर्टर बाकाखालच्या कप्प्यात असतो आणि त्या कप्प्याची झरोक्याची बाजू चालण्याच्या वाटेकडे, म्हणजे जमिनीलगत असते. ग्रेट डेन, रॉटवायलर किंवा मास्टिफ झोपताना पाठ टेकायला अशीच जागा निवडतो. त्याची पाठ झरोक्यावर टेकली की हवा बंद होते, आणि पंख्यात आधीच केस अडकलेले असतात. झरोका वरच्या बाजूला हलवून घ्यावा किंवा त्यापुढे चार बोटे अंतरावर लाकडी पट्ट्यांची चौकट बसवावी. ती भक्कम हवी. चाळीस किलोचा कुत्रा अंग टाकतो तेव्हा पातळ प्लायवूड टिकत नाही.

व्होल्टेज कोसळत असेल तर मल्टिमीटरने दोन ठिकाणी मोजावे : बॅटरीच्या टोकांवर आणि इन्व्हर्टरच्या टोकांवर, दोन्ही वेळी कॉम्प्रेसर चालू असताना. १००० वॉटचा भार १२ व्होल्टच्या बॅटरीवरून घेताना तारेतून शंभराच्या जवळपास अँपिअर वाहतात, त्यामुळे बारीक तार किंवा ढिले लग (तारेच्या टोकाला बसवलेली, नटाने आवळायची धातूची कडी) लगेच उघडे पडतात. दोन्ही मोजमापांत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक आढळला तर दोष बॅटरीत नसून मधल्या तारेत, लगमध्ये किंवा फ्यूजच्या पकडीत आहे. हात लावून पाहिले तर ती जागा गरमही लागते. घोडबंदर रस्त्याचे खड्डे आणि कसारा किंवा माळशेज घाटातली वळणे यांत नट ढिले होतात. खाडीलगत किंवा पाम बीचच्या बाजूला गाडी उभी राहत असेल तर खाऱ्या हवेने लगवर हिरवट थरही चढतो. ते साफ करून पुन्हा घट्ट आवळणे कोणताही चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन करून देतो.

बॅटरी खरोखर संपत असेल तर

इथे थोडा हिशेब करावा लागतो. २०० अँपिअर-तासांची १२.८ व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तिच्यात सुमारे २५६० वॉट-तास असतात. वापरण्याजोगा भाग आणि इन्व्हर्टरचे नुकसान धरता हाती सुमारे २००० उरतात. एसी सरासरी ४५० वॉट घेत असेल तर साधारण साडेचार तास. म्हणजे दहाला लावलेला एसी अडीचला पडणे हा बिघाड नाही, तो हिशेब आहे. लेड-अॅसिड बॅटरीची निम्मीच क्षमता वापरावी लागते, त्यामुळे तिचे गणित याहूनही तोकडे असते.

पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर, ही अट महत्त्वाची आहे आणि तीच अनेकदा पाळली जात नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण नियमांनंतरच्या अनेक गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर, म्हणजे गरजेनुसार व्होल्टेज बदलणारे इंजिनावरचे वीज बनवणारे यंत्र, असतो. इंजिनाची बॅटरी भरत आली की तो व्होल्टेज उतरवतो, आणि साध्या रिलेवर (आपोआप जोडणाऱ्या स्विचवर) जोडलेली मागची, एसी चालवणारी बॅटरी अर्धीमुर्धीच राहते. यासाठी डीसी-डीसी चार्जर, म्हणजे अल्टरनेटरचे उतरलेले व्होल्टेज वाढवून मागची बॅटरी भरणारे उपकरण, लागतो. तो असला तरी अपेक्षा माफक ठेवावी : ३० अँपिअरचा चार्जर ठाण्याहून कल्याण, मुरबाड, टोकावडे करत माळशेजपर्यंतच्या तीन तासांत जास्तीत जास्त ९० अँपिअर-तास भरतो, म्हणजे वरच्या बॅटरीचा निम्मा भागही नाही. म्हणून निघण्यापूर्वी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, समितीची परवानगी घेऊन आणि विजेचे पैसे भरून, बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. छतावरच्या सोलर पॅनेलवर फार विसंबू नये, कारण कुत्र्यांसाठी गाडी झाडाच्या सावलीत लावायची तर पॅनेलही सावलीतच राहतात, आणि या दोन्हींत मी तरी सावलीच निवडेन.

त्याचबरोबर एसीवरचा भार कमी करता येतो, आणि याला पैसे लागत नाहीत. नदीत किंवा समुद्रात डुंबून आलेला गोल्डन रिट्रीव्हर केसांत लिटरभर पाणी सहज घेऊन येतो. हे एक लिटर पाणी गाडीत वाळले तर ते हवेतून परत काढण्यासाठी एसीला सुमारे ६८० वॉट-तास इतकी उष्णता उपसावी लागते. सूर्य मावळण्यापूर्वी, बाहेरच, त्याला टॉवेलने कोरडे केले तर तेवढे काम वाचते. इंजिन बंद केल्यावर गाडीची फरशी तासभर तरी गरम राहते, विशेषतः सायलेन्सरच्या वरचा पट्टा, आणि कुत्री नेमकी फरशीवरच झोपतात. त्यांना जाळीच्या उंच खाटा द्याव्यात, म्हणजे खालून हवा खेळते. थर्मामीटर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर टांगण्याऐवजी कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर ठेवावा. एसी लावण्याआधी छतावरचा झरोक्याचा पंखा पंधरा मिनिटे चालवून दिवसभराची कोंडलेली गरम हवा बाहेर काढावी.

मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात किनाऱ्यावर राहायचे असेल तर मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे : मोठ्या कुत्र्यांसह २०० अँपिअर-तासांवर रात्र निघत नाही. तिथे बाहेरून वीज मिळेल अशीच जागा घ्यावी. १६ अँपिअरचे सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तीनपदरी तार आणि अर्थिंग या तिन्हींची खात्री करावी, आणि तारेचे रीळ पूर्ण उलगडावे, कारण गुंडाळलेली तार भाराखाली तापते. तार जमिनीवरून नेऊ नये. तरुण कुत्रे ती चावतात. बाहेरची वीज नसेल तर सह्याद्रीच्या माथ्यावरचा मुक्काम बरा. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते, आणि माळशेजच्या माथ्यावर किंवा भंडारदऱ्याला अनेक रात्री केवळ २५-३० वॉटच्या १२ व्होल्टच्या पंख्यावर निघतात.

जे उपाय करू नयेत

रात्रभर इंजिन चालू ठेवणे किंवा गाडीखाली, गाडीला लागून जनित्र लावणे हा उपाय कुणी कितीही आग्रहाने सुचवला तरी करू नये. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत आढळली. जनित्राच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला किंवा कुत्र्याला त्याची जाणीव होत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मोटरहोममध्ये झोपण्याच्या जागेजवळ असलाच पाहिजे.

कुत्र्यांना बाहेर बांधून झोपवणे हेही आपल्या भागात चालत नाही. भंडारदरा ज्या अकोले तालुक्यात येतो, त्याच तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता, आणि त्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के भक्ष्य पाळीव वा मोकाट कुत्र्यांचे होते. बिबट्यांचा वावर असलेल्या येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी राहणाऱ्या ठाणेकरांना हे वेगळे सांगायला नको. कुत्रा मोठा आहे म्हणून तो सुरक्षित आहे असे समजू नये. साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पळण्याचीही वाट नसते.

दिवसा कुत्र्यांना गाडीत ठेवून, काचा थोड्या खाली करून, जेवायला जाणे तर मुळीच नको. स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार उन्हात उभ्या गाडीचे आतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढले, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काचा किंचित उघड्या ठेवून त्यात फारसा फरक पडला नाही. एसी चालू ठेवून गेलात तरी वर सांगितलेल्यांपैकी कोणताही बिघाड तुमच्या माघारी होऊ शकतो. कुटुंबातल्या एकाने कुत्र्यांजवळ थांबावे.

एसी नीट असूनही धापा थांबत नसतील तर

फिल्टर स्वच्छ आहे, व्होल्टेज टिकून आहे, कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर तापमान २४-२५ अंश आहे, आणि तरीही तो धापा टाकतो आहे, असे झाले तर गाडीत दोष शोधणे थांबवावे. परकी जागा, रानातले आवाज, सांधेदुखी, वाढलेले वजन, हृदयाचा विकार यांमुळेही धाप लागते. वय झालेल्या लॅब्राडोरमध्ये स्वरयंत्राचा पक्षाघात हा आजार बऱ्यापैकी आढळतो. त्यात श्वास घेताना घरघर येते, भुंकणे घोगरे होते आणि थोड्या उकाड्यानेही कुत्रा गळून जातो. घरी, थंड खोलीत, कुत्रा गाढ झोपलेला असताना छातीची हालचाल पाहून मिनिटाला किती श्वास होतात ते काही रात्री लिहून ठेवावे. हा आकडा सातत्याने ३० च्या वर असेल किंवा श्वासाबरोबर घरघर ऐकू येत असेल, तर त्याचा व्हिडिओ घेऊन पशुवैद्यकाला दाखवावा, आणि त्यांनी प्रवासाला होकार देईपर्यंत त्या कुत्र्याला मुक्कामी नेऊ नये.